इंटर्नचे वर्तन खटकते तेव्हा : सही करण्याआधी काय करावे

वाशीतील एका खासगी रुग्णालयाच्या फिजिओथेरपी विभागात काम करणाऱ्या एका तरुण सहकाऱ्यांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्याकडे पोस्टिंगला आलेला इंटर्न अभ्यासात हुशार आहे. पण तो ओपीडीला वारंवार उशिरा येतो, पेशंट समोर असताना मोबाइल पाहतो, वयस्कर पेशंटशी उद्धटपणे बोलतो आणि कालची नोंद आज जशीच्या तशी उतरवतो, असा त्यांना संशय आहे. एका पेशंटला त्याने स्वतःचा नंबर देऊन 'घरी येऊन करून देतो' असेही सांगितले आहे. पोस्टिंगचे तीन आठवडे उरले आहेत. तक्रार केली तर कॉलेज नाराज होईल आणि गप्प राहिले तर लॉगबुकवर (इंटर्नच्या कामाच्या नोंदवहीवर) सही कोणत्या तोंडाने करायची, असा त्यांचा पेच आहे.

तुमच्या पत्रात पाच तक्रारी एका दमात आल्या आहेत आणि त्यांतील उशिराची तक्रार तुम्ही सर्वांत विस्ताराने मांडली आहे. ते स्वाभाविक आहे, कारण सकाळी साडेआठला बाकावर पेशंट बसलेले असताना इंटर्नचा पत्ता नसेल, तर त्याचा ताण थेट तुमच्यावर येतो. माझ्या मते मात्र या पाचांत उशीर सर्वांत हलका आहे आणि तुम्ही एका ओळीत उरकलेली नोंदींची गोष्ट सर्वांत जड आहे. पेशंटला इजा होईल असे वर्तन त्याच क्षणी थांबवायचे असते. खोटेपणाचा संशय आधी शांतपणे तपासून मग विनाविलंब कॉलेजला कळवायचा असतो. शिस्त आणि बोलण्याची रीत यांना मात्र सुधारणेची मुदत द्यावी लागते. सगळ्यासाठी एकच रागावणे वापरले, तर विद्यार्थ्याला एवढेच कळते की मॅडम चिडल्या आहेत. कशासाठी, ते त्याला कळत नाही.

मोबाइलपासून सुरुवात करते. बाकावर बसून, पेशंट नसताना मोबाइल पाहणे ही वेगळी गोष्ट आहे आणि पक्षाघाताचा पेशंट पॅरलल बारमध्ये, म्हणजे धरून चालायच्या दोन समांतर दांड्यांमध्ये, चालत असताना मोबाइल पाहणे ही अगदी वेगळी गोष्ट आहे. त्या वेळी विद्यार्थ्याची जागा पेशंटच्या दुबळ्या बाजूला, किंचित मागे असते, एक हात कमरेच्या पट्ट्यावर असतो आणि नजर गुडघ्याकडे असते, कारण गुडघा कधी दगा देईल हे आधी तिथेच दिसते. शेकाच्या पिशवीचेही तसेच आहे. हायड्रोकोलेटरमधले, म्हणजे या पिशव्या गरम करायच्या टाकीतले, पाणी साधारण ७० ते ७५ अंश सेल्सिअसला असते; टॉवेलचे थर कमी पडले आणि पेशंट मधुमेही असून पायाची संवेदना गेलेली असली, तर तो 'भाजतंय' असे म्हणणारच नाही. पाचेक मिनिटांनी टॉवेल उचलून त्वचा पाहणे हे ज्याचे काम, तो रील पाहत असेल तर त्याला केवळ वाईट सवय म्हणून सोडता येत नाही. अशा वेळी पेशंटसमोर आवाज न चढवता 'मी धरते, तू थोडा वेळ बाजूला उभा राहा' एवढेच म्हणून पेशंट स्वतःच्या हातात घ्यावा आणि त्या दिवसापुरते त्याला स्वतंत्रपणे पेशंट देऊ नये. दुसऱ्या दिवशी पेशंट परत द्यायचा तो तुमच्या नजरेसमोर. ही शिक्षा नसून देखरेखीची पातळी वाढवणे आहे, आणि त्याला ते याच शब्दांत सांगावे.

आता नोंदींकडे येते. गुडघ्याचा सांधा बदललेल्या पेशंटची नोंद सलग चार दिवस अक्षरशः तीच असली, म्हणजे वेदना तीच, वाकणे ८५ अंश तेच आणि शेवटी 'पेशंटने व्यायाम चांगला सहन केला' हे वाक्यही तेच, तर संशय येणे रास्त आहे. तरीही एवढ्यावर आरोप करू नये. गोनिओमीटरने, म्हणजे सांध्याचा कोन मोजायच्या साधनाने, मोजताना एकाच व्यक्तीच्या दोन मोजमापांतही काही अंशांचा फरक पडतो आणि सूज असलेला गुडघा काही दिवस खरोखरच अडून राहू शकतो. म्हणून त्याच दिवशी, त्याने नोंद लिहून झाल्यावर, तो पेशंट तुम्ही स्वतः मोजा. फरक मोठा आला तर त्याला बोलावून 'हे कसे मोजलेस ते मला करून दाखव' असे म्हणा. कित्येकदा इथेच उलगडा होतो. गोनिओमीटरचा मध्य कुठे ठेवायचा हेच ज्याला नीट येत नाही, तो लाजेपोटी कालचा आकडा उतरवत असतो. त्याला आधी शिकवायचे आहे. ज्याला सगळे येते आणि तरी त्याने मोजलेले नाही, त्याची गोष्ट निराळी. आपल्या नोंदीतला आकडा सर्जन वाचतो, आणि गुडघा अपेक्षेइतका वाकत नसेल तर भूल देऊन तो वाकवावा का, यासारखा निर्णय त्या आकड्यांच्या आधाराने होतो. न मोजलेला आकडा लिहिणे म्हणजे पेशंटच्या अंगावर पुढे काय होणार याबद्दल खोटे बोलणे आहे. विद्यार्थ्याने ते कबूल केले तरी त्याची लेखी माहिती कॉलेजच्या क्लिनिकल समन्वयकांना त्याच आठवड्यात गेली पाहिजे, आणि चुकीची नोंद न खोडता, त्याखाली तारीख घालून दुरुस्ती लिहिली गेली पाहिजे. व्हाइटनर लावलेली केस फाइल मी आजही पाहते, आणि तो लावायला शिकवणारे बहुधा सिनिअरच असतात.

पेशंटशी बोलण्याबाबत तुम्ही लिहिलेले वाचून मला आश्चर्य वाटले नाही. नवी मुंबईत आपल्या ओपीडीत एकाच सकाळी मार्केट यार्डातला कंबर धरून आलेला माथाडी कामगार, टीटीसी पट्ट्यातल्या कारखान्यात बोटे चिरडलेला तरुण, दिवाळ्याच्या किंवा सारसोळ्याच्या कोळीवाड्यातली आजी आणि सेक्टरमधल्या सोसायटीतले निवृत्त अधिकारी असे सगळे येतात. निवृत्त अधिकाऱ्यांशी 'सर' म्हणून बोलणारा मुलगा त्या आजीला 'कितीदा सांगायचं, कळत नाही का' असे म्हणतो, तेव्हा त्याचा राग किंवा थकवा सर्वांवर सारखा निघत नाही, हे आपल्या लक्षात आले पाहिजे. आगरी बोलीत उत्तर देणाऱ्या पेशंटची मागाहून नक्कल करून हसणे हेही याच जातीचे आहे, मग ते पेशंटच्या कानावर पडो वा न पडो. इथे उपदेशाचा फारसा उपयोग होत नाही. मी विद्यार्थ्याला एक काम लावून देते : घरचा व्यायाम शिकवून झाल्यावर तो पेशंटकडूनच करून घ्यायचा, आणि दुसऱ्या भेटीत पेशंटने आपणहून तो बरोबर करून दाखवला तरच 'शिकवला' अशी नोंद करायची. उद्धटपणे सांगितलेला व्यायाम घरी होत नाही, हे त्याला दोन-तीन पेशंटमध्ये स्वतःच दिसते. एवढे करूनही अपमानास्पद बोलणे थांबले नाही, तर मात्र ते सवयीचे न मानता सुरक्षिततेइतकेच गंभीर मानावे, कारण धास्तावलेला पेशंट दुखते हे सांगत नाही.

उशिराबद्दल थोडेच. डोंबिवली, बदलापूरहून येणारा विद्यार्थी ठाण्याला उतरून ट्रान्स-हार्बर लोकल पकडतो. पावसाळ्यात रुळांवर पाणी आले किंवा शिळफाट्याला कोंडी झाली, तर उशीर होणार आहे आणि तो आपल्यालाही होतो. म्हणून मी वेळेपेक्षा कळवण्याला जास्त महत्त्व देते. साडेआठच्या पेशंटसाठी आठपर्यंत निरोप आला, तर तो पेशंट दुसऱ्याकडे देता येतो. निरोप न देता नऊ वाजता येऊन 'ट्रेन लेट होती' म्हणणे हे बेजबाबदारपणाचे, आणि त्याची नोंद तारखेसह ठेवावी.

आता प्रत्यक्ष बोलणे. हे बोलणे तुम्ही आतापर्यंत केलेलेच नाही, असे तुमच्या पत्रावरून मला वाटते. टोमणे मारले गेले, स्टाफरूममध्ये चर्चा झाली, पण त्याला समोर बसवून कोणी सांगितले नाही. पहिली सूचना अशी की, ओपीडी संपल्यावर, विभागातल्या आणखी एका सिनिअर सहकाऱ्याच्या उपस्थितीत, दार पूर्ण बंद न करता बोलावे. दुसरी अशी की, स्वभावावर बोलू नये, घडलेल्या गोष्टीवर बोलावे. 'तू सिन्सिअर नाहीस' या वाक्यावर तो फक्त वाद घालू शकतो. 'सोमवारी आणि बुधवारी साडेआठच्या पेशंटला नऊ वाजून दहा मिनिटांपर्यंत थांबावे लागले आणि दोन्ही दिवशी तुझा निरोप आला नाही' या वाक्यावर वाद घालायला जागा नसते. त्यानंतर प्रश्न विचारावा आणि खरोखर गप्प बसून ऐकावे : 'हे असे का होते आहे?'

उत्तरे कधी कधी अनपेक्षित असतात. घरी कोणी गंभीर आजारी असते. मुलगा रात्री कुठेतरी नोकरी करत असतो, कारण अनेक ठिकाणी इंटर्नला विद्यावेतन मिळत नाही किंवा मिळते ते लोकलच्या पासापुरते असते. परीक्षांच्या चार वर्षांनंतर मनाने पार थकलेला असतो. किंवा तुमच्याच विभागातला एखादा सिनिअर त्याला रोज सर्वांसमोर अपमानित करत असतो. मनाच्या आजाराची शंका आली, तर निदान करण्याच्या भानगडीत आपण पडू नये. कॉलेजचे समुपदेशक किंवा मानसोपचार विभाग यांच्याकडे त्याला पाठवावे आणि ती बाब गोपनीय ठेवावी. कारण कळल्याने मदत ठरवता येते. पेशंटच्या सुरक्षिततेची अट त्यामुळे सैल होत नाही, हेही त्याच बैठकीत स्पष्ट करावे.

बैठकीतून उठण्यापूर्वी एक पानाचा कागद तयार व्हावा. त्यात तीन-चार गोष्टीच असाव्यात आणि त्या मोजता येतील अशा असाव्यात : उशीर होणार असेल तर आठपूर्वी निरोप, पेशंटच्या वेळेत मोबाइल बॅगेत, प्रत्येक मोजमाप त्याच दिवशीचे, पेशंटला 'तुम्ही' म्हणून संबोधन. खाली दोघांच्या सह्या, आठवड्याने पुन्हा भेटण्याची तारीख, आणि न सुधारल्यास काय होईल याचे एक वाक्य. याची प्रत त्याच दिवशी कॉलेजला पाठवावी. कॉलेजला शेवटच्या दिवशी कळवणे ही आपल्याकडची सर्वांत मोठी चूक आहे. तोपर्यंत त्यांच्या हातात करण्यासारखे काही उरलेले नसते आणि मग साहजिकच ते 'एवढ्या वेळी सांभाळून घ्या' म्हणतात. तीन आठवडे आधी कळवले, तर ते विद्यार्थ्याला भेटू शकतात, दुसऱ्या युनिटला हलवू शकतात किंवा पोस्टिंग वाढवण्याचा विचार करू शकतात.

'वागणुकीवरून कोणाला अडवता येते का' असा तुमचा पुढचा प्रश्न आहे. अमेरिकेतील फिजिकल थेरपी असोसिएशनने विद्यार्थ्यांच्या क्लिनिकल मूल्यमापनासाठी जे साधन तयार केले, त्यात सुरक्षितता, व्यावसायिक वर्तन, जबाबदारी, संवाद आणि क्लिनिकल विचारप्रक्रिया या बाबींना धोक्याचा लाल बावटा दिलेला होता. म्हणजे यांत कमी पडणाऱ्या विद्यार्थ्याकडे तातडीने लक्ष द्यायचे. आपल्याकडच्या बहुतेक लॉगबुकांत वर्तनासाठी एक रकाना असतो आणि त्यात सर्रास 'समाधानकारक' लिहिले जाते. वर्तनाला इतके महत्त्व का द्यायचे, याचे एक उत्तर मॅक्सीन पापाडाकिस आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात आहे, जो २००५ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आला. पुढे राज्यांच्या वैद्यकीय मंडळांनी शिस्तभंगाची कारवाई केलेल्या २३५ डॉक्टरांची तुलना त्यांनी कारवाई न झालेल्या ४६९ डॉक्टरांशी केली, तेव्हा कारवाई झालेल्यांच्या विद्यार्थिदशेतील कागदपत्रांत गैरवर्तनाच्या नोंदी असण्याची शक्यता सुमारे तिप्पट आढळली. त्यांतही अत्यंत बेजबाबदारपणा आणि स्वतःत सुधारणा करण्याची असमर्थता या दोन गोष्टींचा संबंध सर्वांत ठळक होता. तो अभ्यास डॉक्टरांचा आहे, फिजिओंचा नाही, आणि त्यातून कोणाचे भविष्य सांगता येत नाही. पण या दोनांपैकी दुसरी गोष्ट मी आवर्जून पाहते. एकदा स्पष्ट सांगितल्यावर विद्यार्थी बदलतो का? बदलत असेल, तर पहिल्या महिन्यातले बरेच काही मी माफ करते.

सहीबद्दल बोलायचे तर, महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या बीपीटीएच या फिजिओथेरपीच्या पदवी अभ्यासक्रमाच्या शेवटी इंटर्नशिप असते आणि ती पूर्ण झाल्यावरच राज्याच्या व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेकडे नोंदणी होऊन तो मुलगा स्वतंत्रपणे पेशंट पाहू लागतो. तुमच्या सहीनंतर त्याच्या आणि पेशंटच्या मध्ये फारसे कोणी उभे नाही. म्हणून जे पाहिले नाही त्यावर सही करू नका. न आलेल्या दिवसांची हजेरी, न केलेल्या केसेस, न झालेली सादरीकरणे यांपुढे सही न करण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. पोस्टिंग वाढवायचे की नाही, हा निर्णय मात्र कॉलेजचा आणि विद्यापीठाच्या नियमांचा आहे. 'तुझी इंटर्नशिप मी अडवीन' अशी धमकी त्यामुळे कधीही देऊ नये. ती तुम्हाला पाळता येणार नाही आणि विद्यार्थी ती रेकॉर्ड करून ठेवेल. तुम्ही द्यायचा तो तारीखवार लेखी अभिप्राय, आणि तो पाठवण्याआधी विद्यार्थ्याला वाचायला देऊन त्याचे म्हणणे त्यात त्याच्याच शब्दांत जोडावे.

दोन बाबतीत ही सगळी पायरी-पायरीची पद्धत वापरायची नाही. पेशंटने किंवा सहकाऱ्याने लैंगिक स्वरूपाच्या वर्तनाची तक्रार केली, तर समजूत घालणे, समोरासमोर बसवणे, 'मुलाचे करिअर आहे' म्हणणे हे आपले काम नाही. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याखाली स्त्री पेशंटसुद्धा रुग्णालयाच्या अंतर्गत समितीकडे दाद मागू शकते आणि तक्रार तिथे जाईल अशी मदत करणे एवढेच आपले कर्तव्य आहे. पेशंट अठरा वर्षांखालील असेल, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याने पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. तेथे विभागप्रमुखाच्या विवेकाला जागाच ठेवलेली नाही.

या विषयाचे आणखी एक अंग आहे आणि ते टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. इंटर्न आपल्याकडे पाहून वागतात. ज्या विभागात सिनिअर स्वतः नऊला येतात, आयएफटीची (वेदना कमी करण्यासाठी विजेचा सौम्य प्रवाह देणारी) यंत्रे लावून पेशंटला वीस मिनिटे एकटे सोडतात आणि इंटर्नला शेकाच्या पिशव्या उचलण्यापलीकडे काही शिकवत नाहीत, तिथे त्याच्या मोबाइलबद्दल बोलण्याचा नैतिक अधिकार कमी होतो. पोस्टिंगच्या पहिल्या दिवशी अर्धा तास देऊन विभागाच्या अपेक्षा सांगितल्या होत्या का, हे आधी तपासा. सांगितल्या नसतील, तर पोस्टिंग संपण्याच्या तीन आठवडे आधी का होईना, आता सांगा, आणि मागच्या उशिरांचा हिशेब काढत बसू नका. नोंदींचा आणि सुरक्षिततेचा हिशेब मात्र काढावाच लागेल, कारण त्या गोष्टी कोणी सांगाव्या लागत नाहीत.

घरी जाऊन ट्रीटमेंट देण्याच्या प्रकरणात तुम्ही घाई करा. इंटर्नला अजून नोंदणी नाही. त्याच्या खासगी भेटीत पेशंट पडला किंवा छातीत दुखू लागले, तर त्याच्या पाठीशी ना रुग्णालय आहे ना परवाना, आणि पेशंट पहिला प्रश्न तुम्हालाच विचारील, कारण तो मुलगा त्याला तुमच्या विभागात भेटला. अशी एखादी भेट झाली आहे का, हे आधी विद्यार्थ्याला विचारा, मग पेशंटच्या घरच्यांना फोन करून 'घरी ट्रीटमेंट हवी असल्यास रुग्णालयामार्फत नोंदणीकृत फिजिओ पाठवता येईल' असे सांगा. त्यांच्यासमोर विद्यार्थ्याची निंदा करू नका. पैसे घेतले गेले असतील, तर ते परत करायला सांगून ती गोष्टही कॉलेजच्या पत्रात लिहा. पेशंटचा फोटो किंवा व्हिडिओ त्याच्या मोबाइलमध्ये असेल, तर तो तुमच्यासमोर पुसून घ्या, आणि तो आधीच कोणाला पाठवला गेला असेल तर रुग्णालयाच्या प्रशासनाला त्याच दिवशी कळवा.

राहिली कॉलेजच्या नाराजीची भीती. पत्र तक्रारीच्या सुरात न लिहिता 'या विद्यार्थ्यासाठी आपण दोघांनी मिळून काय करावे' अशा सुरात लिहिले आणि सोबत तो एक पानाचा कागद जोडला, तर बहुतेक कॉलेजे प्रतिसाद देतात. एखादे देत नाही. तसे झाले तर तुमच्या रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षकांमार्फत दुसरे पत्र पाठवा, आणि पुढच्या तुकडीचा करार करताना वर्तनाबाबत कोणाला कळवायचे, किती दिवसांत उत्तर यायचे आणि विद्यार्थी परत पाठवण्याचा अधिकार कोणाचा, ही तीन कलमे त्यात घालून घ्या. त्यावरून विद्यार्थी पाठवणे एखाद्या कॉलेजने बंद केले, तर काही महिने शेकाच्या पिशव्या आपल्यालाच उचलाव्या लागतील. त्या मला चालतील.